चिंधी बांधलेला गुलाब

पुष्पामावशीनं पाकळी तोंडात घातली, दोनदा चावली आणि थुंकली. नुसती थुंकली असती तर मी मनावर घेतलं नसतं, म्हाताऱ्या माणसाला कशाचीही शिसारी येते. पण तिनं पदरानं ओठ पुसले, मुलगी पाहायला आलेल्या बाया पाहतात तसं झाडाकडे बुडापासून शेंड्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "हा नोहोय तो. हा तुह्या मायचा गुलाब नोहोय, चंद्रकले." मी हातात पाण्याचा गुंड घेऊन उभी होते. येत्या रविवारी भंडाऱ्याचं हे भाड्याचं घर सोडून वरठीच्या रस्त्याला बांधलेल्या आमच्या स्वतःच्या घरात जायचं होतं, आणि गुलाब मातीच्या गोळ्यासकट उचलता यावा म्हणून मी आदल्या दिवसापासून त्याच्या बुडाशी पाणी मुरवत होते. गुंड मी खाली आदळला. "मावशी, तू पवनीहून डोये दाखवाले आली ना? मंग झाडं ओळखाच्या भानगडीत नको पडू." ती हसली. तिला माझ्या रागाची भीती कधीच वाटली नाही, ती माझ्या आईची बहीण आहे. "डोयानं कुठं ओळखला, बाई? तोंडानं ओळखला. तुह्या मायच्या गुलाबाची पाकळी जिभेवर पाघळे. हे पाहा, नुसतं चामडं." आणि उरलेलं फूल तिनं माझ्या हातावर ठेवलं, बाजारातून खराब निघालेली वस्तू परत करावी तसं.

मला राग लवकर येतो. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे त्याचा फायदा घेतात. मला राग आला की मुद्दा काय होता ते कोणी विचारत नाही, माझ्या रागाबद्दलच बोलत बसतात. म्हणून मी त्या वेळी गप्प राहिले. मावशी आत जाऊन पडली आणि मी त्या झाडापुढे उकिडवी बसून ते पाहायला लागले. आठ वर्षं मी त्याला पाणी घातलं, त्याची छाटणी केली, पानांवरची कीड बोटांनी चिरडली, आणि पाहिलं मात्र आज. चकचकीत पान. लांब लांब अंतरावर मोठे, सरळ काटे. आईच्या गुलाबाचं पान मऊ आणि मळकट हिरवं होतं, काटे इतके बारीक आणि दाट की फांदी केसाळ वाटायची. त्याचं फूल पहाटे उमलायचं आणि दुपारी हात लावला की गळून पडायचं, म्हणून आई उजाडायच्या आत टोपली घेऊन बाहेर यायची. या झाडाचं फूल चार चार दिवस देठावर बसून राहतं. शेजारच्या ललिताबाईंना मी कौतुकानं सांगायची, माझ्याकडे फूल टिकतं हो. ते आठवलं आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

पवनीला आमच्या अंगणात तो गुलाब होता, आणि माघ-फाल्गुनात आई त्याचा गुलकंद घालायची. पाकळ्यांचा थर, खडीसाखरेचा थर, असं बरणी भरेपर्यंत. मग तोंडाला फडकं बांधून बरणी छपरीच्या कडेला उन्हात. त्या दिवसांत आम्हा पोरांना छपरीत खेळायची बंदी असायची, कारण एकदा बरणी लवंडली होती. लग्नानंतर हे पहिल्यांदा पवनीला आले तेव्हा आईनं यांच्या हातावर चमचाभर गुलकंद ठेवला होता, आणि यांनी हात चाटून पुन्हा पुढे केला होता. यांचं नाव तेजराम. मी घेत नाही, पण आज घ्यायला हरकत नाही, तेवढा राग आहे. तेजराम सरकारी कारकून, बदली होईल तिकडे जाणारे. लाखनीला बदली झाली तेव्हा आईनं आपल्या गुलाबाच्या फांद्या मला दिल्या आणि लाखनीच्या घरी न्हाणीजवळ मी त्या लावल्या. एकच जगली. पुढे पवनीला भावांची वाटणी झाली, अंगणावर खोल्या चढल्या, आणि आईचा गुलाब कोणाच्याच वाट्याला आला नाही. तो मजुरांनी उपटून फेकला. त्यानंतर आई लाखनीला आली की आधी न्हाणीकडे जायची, मग माझ्याशी बोलायची.

आणीबाणी उठली त्या साली, असाच माघ-फाल्गुन असताना, आमची बदली भंडाऱ्याला झाली आणि त्याच आठवड्यात आई पवनीला खाटेला खिळली. मला जावंच लागलं. सामान बांधायचं यांच्यावर सोडलं, पण गुलाबाचं मी स्वतः सगळं करून ठेवलं होतं. फांद्या गुडघ्याएवढ्या छाटल्या. मुळ्यांभोवती गुंडाळायला गोणपाटाचा बोरा आणि सुतळी काढून ठेवली. आणि आईनं शिकवलं होतं तसं, झाडाच्या ज्या बाजूनं सकाळचं ऊन खाल्लंय त्या बाजूच्या फांदीला चिंधी बांधली, माझ्या लाल लुगड्याच्या काठाची, म्हणजे नव्या जागी लावताना तीच बाजू पूर्वेला येईल. झाडाला जागा बदललेली कळते, आई म्हणायची, निदान दिशा तरी बदलू नये. पवनीला खाटेवर पडल्या पडल्या तिनं मला विचारलं, "गुलाब हालवला का वो?" मी म्हटलं, हो, आज हलवून राहिले असतील. "चिंधी बांधली?" बांधली म्हटलं. तिला बरं वाटलं. मग ती दोन दिवसांनी गेली, आणि तेरवी करून मी भंडाऱ्याला, न पाहिलेल्या या घरात आले तेव्हा सगळ्यात आधी अंगणात गेले. छाटलेला खुंट होता, ओली माती होती, आणि पूर्वेच्या फांदीला माझ्या लुगड्याची लाल चिंधी होती. मी तिथंच बसून रडले. हे दारात उभे होते. यांनी पाणी आणून दिलं.

त्या वर्षी झाडाला फूल आलं नाही. दुसऱ्या वर्षी आलं ते थोडं मोठं होतं, थोडं गडद. मी म्हटलं भंडाऱ्याचं नळाचं पाणी, लाखनीची विहीर वेगळी होती. काटे वेगळे वाटले तर म्हटलं माती बदलली. वास कमी आला तर मला सर्दी असेल. माझ्याइतकी पुराव्याला उत्तरं देणारी बाई कोर्टात उभी केली असती तर कोणीही सुटला असता. आणि गुलकंद. सात वर्षं मी या झाडाचा गुलकंद घातला. पाकळ्या विरघळायच्याच नाहीत, साखरेच्या पाकात चिवट पापुद्रे तरंगत राहायचे, आणि मागून कडवट लागायचं. मी साखर बदलली, बरणी बदलली, ऊन जास्त दिलं, कमी दिलं. पाकळ्यांची पांढरी बुडं कात्रीनं एकेक कापली, बोटं सोलून निघाली. दर वर्षी हे चमचा तोंडात घालायचे, डोळे थोडे मिटायचे आणि म्हणायचे, "चांगला झाला. पण तुह्या मायच्या हाताची सर नाही." दर वर्षी. लेकीच्या सासरी पाठवायची मला लाज वाटायची. मला वाटायचं, आईनं सगळं दिलं, तेवढा हात दिला नाही. पोळीला, वरणाला, शिवणाला, प्रत्येक ठिकाणी मी आपल्या हाताकडे संशयानं पाहायला शिकले.

हे ऑफिसातून आले, सायकल भिंतीला लावली. मी चहा दिला नाही. विचारलं, "लाखनीचा गुलाब कुठं आहे?" यांनी आधी अंगणाकडे पाहिलं, मग मावशी झोपली होती त्या खोलीकडे, आणि मला उत्तर मिळालं. माणूस इतक्या सहज पकडला जातो आणि तरी आठ वर्षं सुटा राहतो, हे मला अजून समजलेलं नाही. "बुडाखाली धोंडा होता," हे म्हणाले. "सब्बल मारली तं टण्णकन वाजे. मूळ धोंड्याखालून गेलं होतं. ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देऊन राहिला होता. काय करू मी?"

"सोडला तिथंच?"

"सोडला. इथं आलो, बाजारात हातगाडीवर एक रोप दिसलं, लाल-गुलाबीच होतं. आणलं, छाटलं, लावलं."

"मंग मले सांगाचं होतं."

"तू मायची तेरवी करून आली होती. कोणत्या तोंडानं सांगू? खचली असती तू."

"आन् मंग? त्याच्यानंतर?"

हे बुटाची नाडी सोडत म्हणाले, "मंग राहून गेलं."

राहून गेलं. गॅसचा नंबर लावायचा राहून जातो. कोणाला निरोप द्यायचा राहून जातो. मी यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "आन् चिंधी? चिंधी त्या झाडाले मी माह्या हातानं बांधली होती. ती चालत आली का इथं?" यांचा हात नाडीवर थांबला. ट्रकवाला हॉर्न देत होता, धोंडा टण्ण वाजत होता, घाई इतकी होती, आणि त्या घाईत या माणसानं माझ्या गाठी सोडवल्या. माझी गाठ सुटता सुटत नाही, घरात सगळे त्यावरून हसतात. ती चिंधी खिशात घालून यांनी भंडाऱ्याला आणली, हातगाडीवरच्या रोपाला बांधली आणि वर दिशा पाहून पूर्वेला बांधली. मला वाचवायला एवढं करतात? मला वाचवायला एक वाक्य पुरलं असतं. मी रडले असते, भांडले असते, दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.नं लाखनीला जाऊन धोंडा फोडून झाड घेऊन आले असते. यांना माझं रडणं नको होतं, भांडणं नको होतं, म्हणून यांनी मला फसलेली बायको करून घरात ठेवली आणि तिच्या गुलकंदाला नावं ठेवली. मी हे सगळं बोलले. कदाचित ओरडले, कारण मावशी उठून दारात आली. हे म्हणाले, "पाहा मावशी, एका झाडासाठी." झालं. पुन्हा सगळं माझ्या रागावर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीला चहा-पोहे करून दिले, पिशवीत खुरपं आणि कोयता टाकला आणि कोणाला न सांगता लाखनीची गाडी पकडली. बसमध्ये मी तोंडानं पुटपुटत होते, बाजूची बाई सरकून बसली. काय बोलायचं ते मी पाठ करत होते. तो गुलाब माझा आहे, मी लावला, माझ्या आईनं दिला, मी खणून नेणार, तुम्ही कोण विचारणाऱ्या. कोण राहतं तिथं हे मला माहीत नव्हतं, पण जे कोणी असेल त्याच्यावर मी संतापले होते. खिडकीतून धान कापून रिकामी झालेली शेतं जात होती, आणि मला आठवत होतं की याच रस्त्यानं तो ट्रक आला होता, माझी भांडी, माझ्या गाद्या, देव्हारा, पोरांची दप्तरं, सगळं घेऊन, आणि चालकाच्या बाजूला बसलेल्या माणसाच्या खिशात लाल चिंधी होती. तो माणूस तेव्हा काय विचार करत असेल? बहुतेक काहीच नाही. बहुतेक विडी ओढत असेल.

लाखनीचं घर ओळखू आलं नाही. हायवेच्या बाजूनं पंक्चरचं दुकान निघालं होतं, जुन्या टायरांची उतरंड, ट्रकांची धूळ. मागच्या अंगणात जायला बोळ तेवढा शिल्लक होता. आणि बोळातच मला वास आला. मी पिशवी खाली ठेवली. न्हाणीजवळ, धुण्याच्या धोंड्याला रेटून, माझ्या उंचीचं झुडूप उभं होतं, मळकट हिरवं, बारीक काट्यांनी केसाळ, आणि खाली ओल्या मातीत गळालेल्या पाकळ्या. एक तरुण बाई भांडी घासत होती. तिनं नाव सांगितलं रुखमा, पंक्चरवाल्याची बायको. पाठ केलेलं सगळं मी तिच्यावर ओतलं. ती राखेचे हात तसेच धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "मंग न्या ना बाई. तुमचाच होय तं न्या. पण निघन का तो?" मी वाकून बुडाशी पाहिलं. खोड मनगटाएवढं झालं होतं, त्यावर सब्बलीचा जुना वण होता, भरून जाड झालेला. मुळानं धोंडा असा धरला होता की एक काढायचं तर दुसरं फोडावं लागलं असतं. रुखमा म्हणाली, "आमी आलो तवा नुसता खुंट होता. म्या न्हाणीचं पाणी इकडं वळवलं. मले वाटे, जिनं हा लावला ते बाई मेली असन, नाही तं असा टाकून कोणी जाते का?"

मी खालची पाकळी उचलून तोंडात घातली. ती चावावी लागली नाही. रुखमा हसली, "तुमी पण खाता का? थांबा." आणि आतून एका वाटीत गुलकंद घेऊन आली, मागच्या सालचा, काळपट लाल, वर पाझरलेला पाक. मी बोटानं चाटला आणि मला पवनीची छपरी दिसली, बरणी, फडकं, आईच्या बांगड्या. तसाच. जराही कमी नाही. "कसा करते तू?" मी विचारलं. "कसा म्हंजे?" ती म्हणाली, "पाकळ्या न् साखर. म्या तं लक्ष बी देत नाही, बरणी उन्हात राहते न् मी विसरतो." ती विसरते! मी सात वर्षं कात्रीनं बुडं कापली. माझ्या हातात काही खोट नव्हती, हे तिथं त्या अंगणात एकदाचं सिद्ध झालं, आणि मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण त्याच घासात दुसरंही सिद्ध झालं. एका पंक्चरवाल्याची बायको, जी बरणी उन्हात विसरते, तिचा गुलकंद आईसारखा होतो, म्हणजे आईच्याही हातात काही नव्हतं. सगळं त्या झाडाचं होतं. आईचा हात म्हणून जो मी इतकी वर्षं जपला, ज्याच्यापुढे रोज खाली मान घातली, तो यांच्या एका खोट्यानं उभा केला होता, आणि ते खोटं उघडं पडलं तेव्हा तोही गेला. आई मेली तेव्हा मला राग आला नव्हता. आता आला. कोणावर ते सांगता येत नव्हतं, म्हणून मी रुखमाच्या अंगणात बसून पदर तोंडात कोंबून रडले, आणि ती बिचारी, राखेच्या हातांची, माझ्यापासून हातभर दूर बसून राहिली.

तिनंच मग कोयत्यानं फांद्या कापून दिल्या, बोटाएवढ्या जाड, खालचं टोक तिरपं, म्हणजे उलट्या लावल्या जाऊ नयेत. ओल्या फडक्यात बांधल्या. वाटीतला उरलेला गुलकंद एका डबीत भरला. मी तिला म्हटलं, पुढच्या माघात येईन. ती म्हणाली, "या. तुमचंच झाड होय." मी म्हटलं, "नाही, तुझं होय. तू पाणी घातलं." हे वाक्य माझ्या तोंडून इतकं शांतपणे निघालं की मलाच नवल वाटलं, पण बसमध्ये बसल्यावर राग परत आला आणि मला बरं वाटलं. रागाशिवाय मी घरी पोहोचले असते तर हरले असते.

भंडाऱ्याला आले तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगणात हे बनियनवर उभे होते, धोतर वर खोचलेलं, ऑफिसला दांडी मारून. झाडाभोवती गोल चर खणला होता. इतका सुबक चर मी यांच्या हातून झालेला पाहिला नव्हता. मातीचा गोळा बोऱ्यात बांधून सुतळीचे आडवे-उभे फेर दिले होते, आणि पूर्वेच्या फांदीला यांनी आपल्या रुमालाची पट्टी फाडून बांधली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेले होते, त्यावर रक्त सुकलं होतं. मावशी ओट्यावर बसून सुपारी कातरत होती. "दुपारपासून लागला आहे," ती मला म्हणाली, जावयाच्या बाजूनं. हे माझ्याकडे पाहून ओशाळं हसले. "एक मूळ तुटू दिलं नाही. याले मी मरू देत नाही आता." कोणाही बाईचं मन विरघळावं असं ते दृश्य होतं, आणि ते तसं आहे हे यांना माहीत होतं. मी आत गेले, पाण्याच्या तपेल्यात फांद्या ठेवल्या, डबी उघडली, चमचाभर गुलकंद घेतला आणि बाहेर येऊन यांच्यापुढे धरला. हात मातीचे होते म्हणून यांनी तोंड उघडलं. पंचवीस वर्षांपूर्वी पवनीला ज्या गुलकंदासाठी या माणसानं तळहात चाटला होता, तोच. मी यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मावशीचा अडकित्ता थांबला होता, तिला वास आला असणार.

यांनी डोळे थोडे मिटले, तोंड हलवलं, घोट गिळला. "चांगला झाला," हे म्हणाले. "पण तुह्या मायच्या हाताची सर नाही."

मावशी फिसकन हसली आणि लगेच पदर तोंडाशी नेला. हे तिच्याकडे पाहायला लागले, मग माझ्याकडे, काय चुकलं ते न कळून. मी चमचा पदराला पुसला. बोऱ्यात बांधलेल्या त्या झाडाकडे बोट दाखवून मी म्हटलं, "हे तुमचं झाड होय. तुमीच आणलं, तुमीच चिंधी बांधली. नव्या घरी तुमच्या हातानं लावा, तुमच्या हातानं पाणी घाला. आन् पुढच्या माघात गुलकंद तुमी घाला. मंग मी चाखून सांगतो कसा झाला ते."